डोळ्याचा कॅम्प: क्लब, मोतीबिंदू आणि सोबतीचा माणूस

माझ्या पीएचडीचा विषय कुणी विचारला की मी सांगते, "मराठवाड्यातल्या लहान शहरांमधल्या सेवाभावी क्लबांचा इतिहास." समोरचा माणूस जरा थांबतो आणि म्हणतो, "म्हणजे ते रोटरी-लायन्सवाले? दवाखान्यात केळी वाटतात ते?" हो, तेच. त्यात इतिहास कसला, हा पुढचा प्रश्न बहुतेक जण तोंडाने विचारत नाहीत, पण चेहऱ्यावर दिसतो. आजचा लेख त्या चेहऱ्यांसाठी आहे.

हिंगोली, वसमतसारख्या कुठल्याही गावातल्या क्लबची जुनी स्मरणिका उघडलीत तर कामांची यादी साधारण सारखीच दिसेल. वृक्षारोपण, रक्तदान, वह्यावाटप, उन्हाळ्यात पाणपोई, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार, आणि नेत्रशिबिर. यातलं वृक्षारोपण लोकांना आठवत नाही (झाडंही फारशी आठवत नसावीत). सत्कार ज्याचा झाला त्यालाच आठवतो. एका कामाला मात्र लोकांनी स्वतःचा शब्द दिलाय: डोळ्याचा कॅम्प. खेड्यातली म्हातारी रोटरी म्हणत नाही, लायन्स म्हणत नाही, नेत्रशिबिर तर नाहीच नाही. ती म्हणते, "कॅम्पात डोळा केला." हा शब्द स्मरणिकेतून तिच्या तोंडी गेलेला नाही, हे नक्की. मग तो कुठून आला? आणि इतक्या कामांमधून नेमकं हेच काम का रुजलं?

आधी थोडी जागेची ओळख करून देते. हिंगोली हा तसा तरुण जिल्हा. १ मे १९९९ ला तो परभणीतून वेगळा झाला. पाच तालुके: हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास आणि त्यातली बहुतेक खेड्यांत. पण हिंगोली गाव स्वतः जुनं आहे. निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची इथे छावणी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती फौज ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. कापसाचा व्यापार, मोंढा, आडते, वकील, डॉक्टर, शिक्षक. क्लबला लागणारी सगळी माणसं गावात होती. फक्त क्लब नव्हता.

म्हणून सेवा नव्हती, असं मात्र समजू नका. हिंगोलीचा सार्वजनिक दसरा दीडशे वर्षांहून जुना सांगतात. त्यामागे वर्गणी, मंडप, पहारा, स्वच्छता असं सगळं काम गावानेच ओढलेलं आहे. नर्सी नामदेवला आणि औंढ्याला येणाऱ्या भाविकांना जेवू घालणं हेही जुनंच. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी जिल्ह्यातून जाते तेव्हा चहा-नाश्त्याला, पाय चोळून द्यायला माणसं कुणी नेमावी लागत नाहीत. या सेवेला तिथी ठरलेली असते, जागा ठरलेली असते. अध्यक्ष असलाच तर तो वर्षानुवर्षं तोच असतो आणि हिशोब त्याच्या डोक्यात असतो.

वेगळ्या तऱ्हेची, म्हणजे ठराव-इतिवृत्त-निवडणूकवाली संस्था इथे उशिरा आली, आणि त्याला एक राजकीय कारण आहे. निजामाच्या राज्यात साधी सभा घ्यायची तरी आधी परवानगी लागायची. 'गश्ती निशाण ५३' या नावाने ते परिपत्रक मराठवाड्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत कायम भेटतं. आखाडा काढायचा, खाजगी शाळा काढायची तरी सरकारची नजर. मुंबईत १९२९ साली रोटरी क्लब सुरू झाला, कोलकात्यात त्याच्याही दहा वर्षं आधी. त्या काळात इकडे वाचनालय चालवणं हेच धाडस होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला हे संपलं. लायन्स भारतात आलं ते १९५६ मध्ये, मुंबईत, म्हणजे ज्या वर्षी मराठवाडा हैदराबादमधून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला त्याच वर्षी. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला तो योगायोग आवडतो.

आता क्लबचा साचा बघा, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. रोटरी १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने सुरू केली. लायन्स १९१७ साली, तेही शिकागोतच, मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने. दोन्हीकडे मूळ कल्पना व्यावसायिकांनी नियमित भेटण्याची होती, सेवा नंतर मोठी झाली. दोन्हीकडे वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष एका वर्षाचाच. आपल्याकडे दर जुलैत वर्तमानपत्रात पदग्रहण सोहळ्यांचे फोटो एकदम का येतात, ते आता लक्षात आलं असेल.

एका वर्षाचा अध्यक्ष. हे वाचायला साधं वाटतं, पण त्याचे परिणाम फार लांब जातात. जुलैत गळ्यात पट्टा पडतो, ऑगस्ट-सप्टेंबर गणपती-पोळ्यात जातात, दिवाळी होते, आणि हातात उरतात सहा-सात महिने. त्यात काहीतरी असं करून दाखवायचं, जे सुरूही होईल आणि संपेलही. शाळा काढणं या वर्षात बसत नाही. कुपोषण तर नाहीच नाही. क्षयरोगाचे उपचार तेव्हा वर्ष-दीड वर्ष चालायचे, म्हणजे ते अध्यक्षाच्या कारकिर्दीपेक्षा लांब.

मोतीबिंदू बसतो. अगदी मापाने शिवल्यासारखा बसतो. ऑपरेशन एकदाच करायचं, थोड्या मिनिटांचं. खर्च परवडणारा. पेशंट आला तेव्हा त्याला हात धरून आणावं लागत होतं, जाताना तो समोरच्याचा चेहरा ओळखतो. फरक डोळ्यांदेखत. आणि पेशंट घरी गेला की क्लबची जबाबदारीही संपली, निदान तसं समजता येतं. लायन्सवाले या कामाचं मूळ सांगताना हेलन केलरचं नाव घेतात. १९२५ साली अमेरिकेतल्या ओहायोमधल्या अधिवेशनात तिने लायन्सना अंधांसाठी काम करण्याचं आवाहन केलं होतं, आणि ते खरं आहे. पण मराठवाड्यातल्या मोंढ्याजवळच्या एखाद्या सभासदाने केलरबाईंमुळे कॅम्प घेतला असेल असं मला वाटत नाही. कॅलेंडर हे मला जास्त खरं कारण वाटतं.

आणखी एक गोष्ट जमून आली होती. कॅम्पची पद्धत क्लबांच्या आधीच तयार होती. पंजाबात मोग्याचे डॉ. मथुरादास पाहवा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हजारोंच्या संख्येने मोतीबिंदू काढत होते. आपल्या शेजारी कर्नाटकात डॉ. मु. चे. मोदी १९४३ पासून गावोगाव फिरून ऑपरेशनं करत होते. १९६८ मध्ये तिरुपतीला त्यांनी एका दिवसात ८३३ ऑपरेशनं केल्याची नोंद आहे. एकाच माणसाने, एका दिवसात! आज हा आकडा वाचून आपल्याला भीती वाटायला हवी. तेव्हा टाळ्या पडल्या, आणि त्याही चुकीच्या नव्हत्या. डॉक्टर मोजके होते आणि आंधळी माणसं लाखांनी होती. १९८६ ते १९८९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातलं अंधत्वाचं प्रमाण १.४९ टक्के निघालं, आणि त्यातलं सुमारे ऐंशी टक्के एकट्या मोतीबिंदूमुळे.

कॅम्प कसा असायचा, हे तुमच्या घरातल्या सत्तरीच्या पुढच्या कुणालाही विचारा. मी माझ्या घरातलं सांगते. माझ्या आजीचा एक डोळा कॅम्पात झाला. साल कुणालाच सांगता येत नाही. काकाच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, एवढं नक्की, आणि रानात ज्वारी हुरड्यात आली होती, म्हणजे डिसेंबर-जानेवारी. हे जुळतं, कारण कॅम्प थंडीतच व्हायचे. उन्हाळ्यात घामाने, धुळीने जखम चिघळते असं मानलं जायचं. शिवाय खरिपाचं काम उरकलेलं असायचं, तेव्हाच घरातलं कुणी म्हाताऱ्या माणसासाठी मोकळं व्हायचं. आधी रिक्षावरच्या भोंग्याने गावोगाव पुकारा. मग शाळेची इमारत मिळवायची, वर्ग धुऊन काढायचे, बाकं जोडून टेबल करायचं. ऑपरेशन झालेले पेशंट दुसऱ्या वर्गात सतरंजीवर किंवा गाद्यांवर ओळीने. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या छोट्या पिशव्या. खोकायचं नाही, वाकायचं नाही, जोर करायचा नाही. डोळ्यावर हिरवी पट्टी. आठवडाभर असं पडून राहायचं आणि क्लबच्या सभासदांच्या घरून मऊ भात, शिरा, दूध यायचं.

जुन्या स्मरणिकांमधले कॅम्पचे फोटो मी आता इतके पाहिलेत की ते एकमेकांत मिसळतात. एक फोटो मंचाचा: पाहुणे, हार, समई. एक फोटो वर्गाचा: ओळीने झोपलेली, हिरव्या पट्ट्या बांधलेली माणसं आणि त्यांच्यामागे उभे राहिलेले पदाधिकारी. पाहुण्यांची नावं फोटोखाली डावीकडून क्रमाने असतात. झोपलेल्यांचं नाव कधीच नसतं. किती ऑपरेशनं झाली हा आकडा अहवालात असतो. त्यातल्या किती जणांना सहा महिन्यांनी दिसत होतं, हे मला आजवर हाती आलेल्या एकाही अहवालात सापडलेलं नाही. सहा महिन्यांनी अध्यक्ष बदललेला असायचा ना.

आणि दिसणं म्हणजे तरी काय. तेव्हाच्या पद्धतीत डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून टाकायचे आणि त्याच्या जागी काहीच बसवत नसत. म्हणून तो चष्मा. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड, साधारण प्लस दहा नंबरचा. त्यातून वस्तू पाव पट किंवा त्याहूनही मोठी दिसते, जवळ आल्यासारखी वाटते, आणि कडेचं दिसतच नाही. आजी उंबरठ्यापाशी पाय उगाच उंच उचलायची, त्यावर आम्ही पोरं हसायचो. मोतीबिंदूचा इतिहास वाचेपर्यंत मला कळलं नव्हतं की तिला तो उंबरठा खरंच तेवढा उंच दिसत होता. चष्मा फुटला की माणूस परत आंधळा. आणि तो चष्मा तालुक्याच्या गावी सुद्धा सहज मिळायचा नाही.

आता खुर्जा. ही गोष्ट हिंगोलीपासून फार लांबची आहे, पण हिंगोलीच्या कॅम्पचं रूप तिथूनच बदललं म्हणून ती सांगायलाच हवी. उत्तर प्रदेशातलं खुर्जा हे चिनीमातीच्या भांड्यांसाठी ओळखलं जाणारं लहान शहर. एप्रिल १९८६ मध्ये तिथल्या लायन्स क्लबने नेत्रशिबिर घेतलं. डॉक्टर अनुभवी होते, सरकारी परवानगी होती. १०८ जणांची ऑपरेशनं झाली, त्यात ८८ मोतीबिंदूची. त्यातल्या ८४ जणांचा ऑपरेशन केलेला डोळा जंतुसंसर्गाने कायमचा गेला. चौकशीत बोट रोखलं गेलं ते डोळा धुवायला वापरलेल्या सलाइनकडे. एकच दूषित द्रावण आणि रांगेतले बहुतेक सगळे.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 'ए. एस. मित्तल विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार' हा निकाल १९८९ चा. मी इतिहासाची विद्यार्थिनी, कायद्याची नाही, पण हा निकाल मी दोनदा पूर्ण वाचला, कारण त्यात न्यायालय एका खऱ्या पेचात सापडलेलं दिसतं. सेवेच्या भावनेने केलेल्या कामाला फार दंडुका दाखवला तर उद्या कुणी पुढे येणार नाही. आणि नाही दाखवला तर गरिबाचा डोळा स्वस्त ठरतो. न्यायालयाने शिबिरं थांबवली नाहीत. सरकारच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांवर बोट ठेवलं, आणि आधी मिळालेल्या पाच हजारांशिवाय प्रत्येकाला आणखी साडेबारा हजार रुपये द्यायला राज्याला सांगितलं. एका डोळ्याचे साडेसतरा हजार. तो आकडा वाचून मी वही मिटली होती, एवढंच सांगते.

निकालाच्या आगेमागे दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही मिळून शाळेतल्या कॅम्पची पद्धत हळूहळू मागे पडली. पहिली, कृत्रिम भिंग. त्याची कल्पना जुनी होती. लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्येच ते बसवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे कण शिरले तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण परदेशी भिंग आपल्या गरिबाच्या आवाक्याबाहेरचं. १९९२ मध्ये मदुराईला अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने ते इथेच बनवायला घेतलं आणि किंमत शंभर डॉलरच्या पुढून दहा डॉलरच्या आसपास आली. बाटलीच्या बुडाचा चष्मा गेला. पण भिंग बसवायला सूक्ष्मदर्शक लागतो, चांगलं थिएटर लागतं. ते जोडलेल्या बाकांवर होत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. १९९४ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला, एक कोटी दहा लाख ऑपरेशनांचं लक्ष्य ठेवून. महाराष्ट्र त्यात होता. जिल्हावार अंधत्व नियंत्रण सोसायट्या झाल्या आणि संस्थांना ऑपरेशनमागे अनुदान मिळू लागलं. जोर आता रुग्णालयातल्या ऑपरेशनवर होता. तपासणी गावात, ऑपरेशन मोठ्या रुग्णालयात. या भागातली माणसं मग नांदेडला, परभणीला, जालन्याच्या गणपती नेत्रालयात जायला लागली. काही ठिकाणी क्लबांनीच कायमची रुग्णालयं उभी केली. लातूर जिल्ह्यातलं उदगीरचं लायन्स नेत्र रुग्णालय तुम्ही ऐकलं असेल. म्हणजे एका वर्षाचा अध्यक्ष हा साचा तोडता येतो, पण त्यासाठी क्लबच्या आत एक वेगळा, न बदलणारा विश्वस्त गट जन्माला घालावा लागतो. तो सगळ्यांना जमला नाही.

मग ज्यांना जमला नाही त्या क्लबांकडे काय उरलं? तपासणीची जागा, एक बॅनर, चहा आणि एक बस. माझ्या विषयावर बोलताना बरेच अभ्यासक इथे थांबतात आणि म्हणतात की क्लब आता नुसते आयोजक राहिले, खरं काम रुग्णालय करतं. मलाही पहिली दोन वर्षं असंच वाटत होतं. माझ्या आराखड्यातल्या प्रकरणाचं नावच मी 'ऱ्हास' असं ठेवलं होतं.

ते मी खोडलं, आणि ते खोडायला आजीचा दुसरा डोळा कारण झाला.

तिचा एकच डोळा झाला होता, हे वर सांगितलं. दुसऱ्यातही मोतीबिंदू होता. तोपर्यंत भिंगवालं, फुकटचं, बिनटाक्याचं ऑपरेशन सुरू झालेलं होतं. रुग्णालय होतं, डॉक्टर होते, पैसे लागत नव्हते. तरी तो डोळा शेवटपर्यंत झाला नाही. का? कारण सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून तिला नेणार कोण, हे कधी ठरलं नाही. काका पेरणीत. काकू घर सोडून दोन दिवस जाणार कशी? बाबा नोकरीच्या गावी. आणि आजी स्वतः म्हणायची, "एकानं दिसतंय की. आता किती दिवसांची मी?" हे सगळे चांगले लोक होते. कुणी नाही म्हटलं नाही. ठरलं नाही, एवढंच.

मोतीबिंदूच्या पाहण्यांमध्ये हीच गोष्ट कोरड्या भाषेत पुन्हा पुन्हा येते. ऑपरेशन का केलं नाही, या प्रश्नाला लोकांची उत्तरं: सोबत कुणी नाही, अजून भागतंय, पैसे नाहीत, भीती वाटते. आणि बायकांची ऑपरेशनं पुरुषांपेक्षा मागे राहतात, हे भारतातल्या अनेक पाहण्यांनी दाखवलंय. म्हातारी बाई एकटी एसटीने जात नाही, आणि तिच्यासाठी घरातल्या कमावत्या माणसाचा दिवस मोडत नाहीत. ऑपरेशन फुकट केलं तरी सोबतीच्या माणसाची मजुरी बुडतेच. ती कुठल्या योजनेत धरलेली नसते.

आता ती बस परत बघा. सकाळी सातला तालुक्याच्या चौकात उभी राहणारी. त्यात वीस-पंचवीस म्हातारी माणसं आणि त्यांच्याबरोबर क्लबचे दोन सभासद, बहुधा एक दुकानदार आणि एक निवृत्त मास्तर. हातात नावांची यादी, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या तपासण्यांचे कागद. ते दोघे रात्री रुग्णालयातच थांबतात, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडताना हजर असतात, आणि प्रत्येकाला त्याच्या चौकात परत सोडतात. घरच्यांना फक्त "मास्तर आहेत ना सोबत" एवढं पुरतं. म्हातारीही कबूल होते, कारण शेजारची पार्वती नाहीतर गंगा त्याच बसमध्ये असते. डॉक्टर नांदेडला आहे, जालन्याला आहे. सोबत देणारा माणूस मात्र गावातच लागतो, ओळखीचाच लागतो, आणि तो पैशाने नेमता येत नाही. शाळेत कॅम्प घेताना क्लबने जी शंभर कामं केली त्यातली नव्व्याण्णव रुग्णालयाने घेतली, आणि ती त्याच्याकडेच असायला हवीत. उरलेलं शंभरावं होतं ते हे. माझ्या मते मुळात तेच काम क्लबचं होतं. मंचावरच्या फोटोंमुळे ते दिसत नव्हतं.

हे म्हणताना मी क्लबांना प्रशस्तिपत्र देत नाहीये, हेही सांगते. बॅनर तेवढा लावायचा, फोटो काढायचा आणि बस रुग्णालयाचीच, सोबत कुणीच नाही, अशीही शिबिरं होतात. तपासणीत दीडशे जणांना मोतीबिंदू सांगायचा आणि प्रत्यक्ष ऑपरेशनला चाळीसच पोचले तर उरलेल्यांचं काय झालं हे कुणी विचारायचं नाही, हेही होतं. अहवालात 'दीडशे लाभार्थी' छापून येतात. इतिहास लिहिताना मला हा शब्द सगळ्यात जास्त छळतो. लाभार्थी म्हणजे तपासलेला, की दिसू लागलेला?

नियम कागदावर आले म्हणून धोका गेला असंही नाही. पंजाबातलं घुमान तुम्हाला माहीत असेल. एप्रिल २०१५ मध्ये तिथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. घुमान का? कारण संत नामदेवांनी आयुष्याचा उत्तरार्ध तिथे घालवला असं मानतात. आणि नामदेवांचं जन्मगाव म्हणून आपण जे नर्सी सांगतो ते याच हिंगोली जिल्ह्यात. संमेलनाच्या त्या बातम्या वाचताना मला पुन्हा पुन्हा आठवत होतं की जेमतेम पाच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, त्याच घुमानमध्ये एका स्वयंसेवी संस्थेने घेतलेल्या नेत्रशिबिरात ऑपरेशन झालेल्या कित्येक गरिबांची दृष्टी गेली होती. सुरुवातीच्या बातम्यांत आकडा साठच्या आसपास होता. खुर्जानंतर अठ्ठावीस वर्षांनी. तिथेही आधी शिबिर आणि मग, महिनाभराने, कुणीतरी येऊन बोंब मारल्यावर सगळ्यांना कळलं. ऑपरेशननंतरच्या त्या महिन्यात यादी घेऊन दारोदार जाणारा कुणी असता तर निदान लवकर कळलं असतं. पट्टी सोडल्यावर पुन्हा भेटणारा माणूस हा सोबतीचाच पुढचा भाग आहे, आणि एक वर्षाच्या साच्यात तोच सगळ्यात आधी गळतो.

देशाचं चित्र एकूण सुधारलंय, हे नमूद करायला हवं. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचं प्रमाण ०.३६ टक्क्यांवर आलं. पद्धत आणि व्याख्या बदलल्यात, त्यामुळे जुन्या १.४९ शी त्याची सरळ तुलना करता येत नाही, तरी घट मोठी आहे. पण पन्नाशीच्या पुढच्या आंधळ्यांमध्ये मोतीबिंदूच अजूनही पहिलं कारण आहे, सुमारे दोन तृतीयांश. म्हणजे फुकट ऑपरेशन उपलब्ध असताना न झालेले डोळे. आजीच्या दुसऱ्या डोळ्यासारखे.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. माझ्या प्रबंधात कॅम्पवर जे प्रकरण आहे त्याला स्मरणिका पुरत नाहीत, का ते वर सांगितलंच. मला हव्या आहेत याद्या. बसमध्ये मास्तरांच्या हातात असायच्या त्या, वहीच्या पानावर, नावापुढे गाव आणि 'उजवा' किंवा 'डावा' लिहिलेल्या. कॅम्पात मिळालेली पुठ्ठ्याची कार्डं, ज्यावर तारीख असते. बहुतेक क्लबांमध्ये कागद अध्यक्षाच्या घरी राहतात, वर्ष संपलं की कपाटात जातात आणि घर रंगवताना रद्दीत. तुमच्या घरी कुणी तिसेक वर्षांपूर्वी एखाद्या क्लबचे सचिव असतील तर दिवाळीच्या साफसफाईआधी एकदा ते कपाट बघा. दहा नावांची यादी असली तरी चालेल. नावं मी प्रबंधात छापणार नाही. मला फक्त गाव, साल, कोणता डोळा आणि बाई की पुरुष एवढं मोजायचंय.

आजीचं कार्ड आमच्याकडे नाही. चष्मा आहे. एका काचेला तडा आहे आणि कानाजवळ दोरा बांधलेला आहे, कारण काडी तुटली तेव्हा तो दुरुस्तीला हिंगोलीला नेणारं कुणी नव्हतं.